रोहित्र ठेवायचं कुठे?

होस्टेलवर लाइट गेली की पहिला आवाज ठरलेला असतो, "अरे, डीपी उडाली वाटतं!" मग पाच मिनिटं व्हरांड्यात गप्पा, दहा मिनिटं मोबाइलचा टॉर्च, आणि लाइट आली की सगळे आपापल्या खोलीत. डीपी नक्की कुठे आहे, किती केव्हीएची आहे, तिच्या कुंपणावर टॉवेल कुणाचे वाळतायत, याची चौकशी कोणी करत नाही. इलेक्ट्रिकलची मुलंसुद्धा नाही. आपण मशिन्सच्या पेपरात ट्रान्सफॉर्मरचं इक्विव्हॅलंट सर्किट काढतो, ओपन सर्किट आणि शॉर्ट सर्किट टेस्ट घेतो, रेग्युलेशन काढतो. तोंडी परीक्षेत "बुखोल्झ रिले कुठे असतो?" असं विचारलं तर "टाकी आणि कॉन्झर्व्हेटरच्या मधल्या पाइपात" हे उत्तर झोपेतही देतो. पण तो अख्खा ट्रान्सफॉर्मर इमारतीत किंवा इमारतीजवळ कुठे ठेवायचा, हा प्रश्न चार वर्षांत कोणी विचारत नाही. या लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे.

महावितरणच्या कागदावर त्याला रोहित्र म्हणतात, गावात डीपी म्हणतात, आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो. काहीही म्हणा, वस्तू एकच. लोखंडी टाकीत गाभा आणि गुंडाळ्या, आणि त्यांच्याभोवती काठोकाठ खनिज तेल. हे तेल दोन कामं करतं, इन्सुलेशन आणि गारवा. पण ते शेवटी पेट्रोलियमचंच भावंड आहे. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे त्याचा फ्लॅश पॉइंट १३५ अंश सेल्सिअसच्या खाली असता कामा नये. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो. पण आतमध्ये ठिणगी पडली की तिचं तापमान हजारो अंशांत असतं, तिथे १३५ चा काय पाड लागणार? म्हणून तेलाचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे शेकडो लिटर इंधनाची टाकी आहे असं धरूनच त्याची जागा ठरवायची.

हे धरलं नाही तर काय होतं याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दिल्लीचं 'उपहार' थिएटर. तारीख १३ जून १९९७. थिएटरच्या तळमजल्यावर, गाड्या लावायच्या जागेला लागूनच ट्रान्सफॉर्मरच्या खोल्या होत्या. त्यातला दिल्ली विद्युत बोर्डाचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास एकदा पेटला. आग विझवली, बी फेजच्या केबलचं जळलेलं लग बदललं आणि साडेअकराच्या सुमारास पुरवठा पुन्हा सुरू केला. नवीन लग क्रिम्पिंग मशीनने दाबलेलं नव्हतं, हातोडीने ठोकून बसवलेलं होतं. संध्याकाळी पाचच्या सुमारास ते ढिलं झालं, ठिणग्या उडाल्या, केबल सुटून रेडिएटरच्या फिनवर टेकली आणि तिथे भोक पडलं. त्या भोकातून गरम तेल बाहेर आलं आणि पेटलं. तेल वाहत गाड्यांखाली गेलं, गाड्या पेटल्या, आणि काळा धूर जिन्याच्या पोकळीतून चिमणीसारखा वर चढला. वर बाल्कनीत 'बॉर्डर'चा शो चालू होता.

५९ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. आग बाल्कनीपर्यंत पोहोचलीच नव्हती. माणसं गेली ती धुराने गुदमरून. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी उजवीकडची वाट बंद केलेली होती, दारं लावलेली होती, दिवे गेले होते आणि बाहेर पडायची सूचना देणारं कोणी नव्हतं.

हा प्रसंग वाचला की पहिली प्रतिक्रिया असते, "एका लगमुळे एवढं?" तर थोडं गणित करू. १००० केव्हीए, ४३३ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भाराला एलटी बाजूला साधारण १३३३ अँपिअर. एका फेजला दोन केबल धरल्या तर प्रत्येक लगातून ६६७ अँपिअर. आता लग नीट दाबलेलं नाही आणि त्या जोडात फक्त १ मिलिओहम जादा रोध आला असं समजा. आपल्या लॅबच्या मल्टिमीटरवर हा रोध दिसणारसुद्धा नाही. आय स्क्वेअर आर करा: ६६७ चा वर्ग गुणिले ०.००१, म्हणजे ४४५ वॅट. मुठीएवढ्या जागेत जवळजवळ अर्ध्या किलोवॅटची शेगडी. त्या उष्णतेने जोड आणखी ढिला होतो, पृष्ठभागावर ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. ॲल्युमिनियमची केबल आणि तांब्याचा बसबार असेल तर बायमेटॅलिक वॉशर किंवा लग लागतंच, नाहीतर हाच प्रकार दुप्पट वेगाने होतो. ओव्हरकरंट रिलेला यातलं काही कळत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो.

म्हणजे लग बसवणाऱ्याची चूक झाली हे खरं. पण माझ्या मते त्याहून मोठी चूक जागेची होती. तेच लग, तीच ठिणगी, तेच तेल इमारतीपासून वीस मीटरवर उघड्यावर असतं तर एक ट्रान्सफॉर्मर जळाला असता, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या असत्या आणि पिक्चर पुढे चालू राहिला असता. कामात चुका होणारच, माणूस आहे. चूक झाली तरी नुकसान कुठवर जाईल हे मात्र जागा ठरवते.

उघड्यावर ठेवलं म्हणजे मात्र सुटलो असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या पुण्याजवळ भोसरीच्या इंद्रायणीनगरात घराला लागून असलेल्या रोहित्राचा स्फोट झाला आणि आजी, लेक आणि पाच महिन्यांची नात अशा तिघी भाजून गेल्या. शहरात जागा नाही म्हणून रोहित्र कंपाउंडच्या कडेला येतं, मग त्याच्या शेजारी कपड्यांची दोरी येते, स्कूटर लागते, वडापावची गाडीसुद्धा लागते. रोहित्र जागेवरच असतं, माणसं त्याच्याकडे सरकत येतात.

नियम काय सांगतात ते थोडक्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी निवासी आणि व्यापारी इमारतींच्या आत ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मरच बसवायचा असं स्पष्ट केलं. हे सुरक्षा नियम २०२३ मध्ये नव्याने आले. ड्राय टाइप म्हणजे तेल नाही, गुंडाळ्या रेझिनमध्ये ओतलेल्या. महाग असतो, धुळीला आणि ओलाव्याला नाजूक असतो, आणि त्याच्या रेझिनला हात लावणं म्हणजे जिवाशी खेळ, कारण वरून गुळगुळीत दिसली तरी ती इन्सुलेशनची सुरक्षित बाजू नव्हे. पण तो पेटलाच तर वाहत जात नाही. इमारतीच्या आत हा एकच मुद्दा पुरेसा आहे.

तेलाचा ट्रान्सफॉर्मर खोलीत ठेवायचाच तर भिंतींपासून किती अंतर? बसवण्याच्या आचारसंहितेत, म्हणजे आयएस १००२८ मध्ये, सोपा हिशेब आहे. एकाच बाजूला भिंत असेल तर अर्धा मीटर, दोन बाजूंना पाऊण, तीन बाजूंना एक, आणि चारही बाजूंनी बंद खोली असेल तर सव्वा मीटर. हे अंतर माणसाला फिरायला असतं असा आपला समज, पण मुख्य काम हवेचं. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भाराला काही किलोवॅट उष्णता फेकतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पाणी तापवायचे अनेक रॉड बंद खोलीत चोवीस तास चालू. थंड हवा खालून आत आणि गरम हवा वरून बाहेर, समोरासमोरच्या भिंतींतून, अशी वाट नसेल तर तापमान चढत जातं. आणि गुंडाळीच्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य दर सहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. बऱ्याच ठिकाणी खालची जाळी उंदीर येतात म्हणून पत्र्याने बंद केलेली असते आणि वरच्या झरोक्यासमोर जुन्या गाद्या रचलेल्या असतात. उंदरांसाठी बारीक जाळी मिळते. गाद्यांसाठी दुसरी खोली शोधायची.

तळघराबद्दल एकच वाक्य पुरे: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा तळघरातल्या विजेच्या सामानाचं काय होतं हे तिथल्या कुणाही मित्राला विचारा.

आता अभ्यासासाठी एक खरी जागा घेऊ. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. हीच जागा का, तर दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे या संस्थानाचं आणि विजेच्या यंत्रांचं नातं जुनं आहे. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ कारखान्यासाठी दिला तो औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे बेंगळुरूच्या सरकारी इलेक्ट्रिक फॅक्टरीचा प्रमुख असलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर चांगली नोकरी सोडून औंधला आला. १९३९ ची औंधची स्वराज्याची घटना आणि आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची खुली वसाहत या दोन्हींमागे त्याचा हात होता. ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यातला माणूस कैद्यांना कुलूप न लावता ठेवायचा प्रयोग करतो, हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, पण असायला हरकत नव्हती.

दुसरं कारण आपल्या विषयाचं. यमाईच्या डोंगराच्या मध्यावर १९३८ मध्ये बांधलेलं भवानी चित्रसंग्रहालय आहे. राजा रविवर्म्यांची चित्रं, धुरंधरांची चित्रं, हेन्री मूरचं शिल्प असा ऐवज तिथे आहे. इमारत अशी बांधलीय की चित्रांवर वरून नैसर्गिक प्रकाश पडावा. आता समजा (हे निव्वळ 'समजा' आहे, तिथे प्रत्यक्षात काय आहे त्याच्याशी याचा संबंध नाही) अशा इमारतीला वातानुकूलन, पंप, दिवे मिळून २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवायचाय. कुठे बसवाल?

वर्गात हा प्रश्न टाकला तर पहिलं उत्तर येतं, डोंगराच्या पायथ्याला ठेवू आणि एलटी केबल वर नेऊ. सगळ्यात सुरक्षित! करून बघू. २०० केव्हीए म्हणजे ४३३ व्होल्टला २६७ अँपिअर. केबलची लांबी ३०० मीटर धरू, आणि ३०० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल, म्हणजे तापल्यावर किलोमीटरला साधारण ०.१३ ओहम रोध आणि ०.०७ रिअॅक्टन्स. पॉवर फॅक्टर ०.८ घेतला तर व्होल्टेज ड्रॉप येतो २० व्होल्ट, जवळजवळ ५ टक्के. केबलमध्ये जळणारी वीज ८ किलोवॅटच्या वर. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या स्वतःच्या नुकसानीपेक्षा कितीतरी जास्त नुकसान नुसत्या केबलीत. तीच वीज ११ केव्हीला नेली तर करंट फक्त साडेदहा अँपिअर. तेव्हा एचटी केबल वर न्यायची आणि ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या जवळपास ठेवायचा, हे अर्थशास्त्राने ठरलं.

जवळपास म्हणजे कुठे? आत तेलाचा चालणारच नाही. इमारतीच्या मागे, वरच्या बाजूला सपाटी मिळाली तर मोह होतो, कारण ती बाजू पर्यटकांना दिसत नाही. पण डोंगरउतार आहे. टाकी फुटली तर पेटलेलं तेल उताराने थेट इमारतीच्या मागच्या भिंतीला येईल. बरं, मग खालच्या बाजूला ठेवू. आता तेल इमारतीपासून दूर जाईल, पण ज्वाळा आणि धूर? ते वर चढतात, आणि वर आपली इमारत, तिचे प्रकाशासाठी ठेवलेले झरोके, आणि आत तैलचित्रं. 'उपहार'मध्ये धुराने जे केलं तेच इथे काजळी करेल. चित्रांना वाचवायला आग लागायचीही गरज नाही, एका दुपारची काजळी पुरे आहे त्यांची वाट लावायला.

म्हणून उत्तर येतं, ना वर ना खाली, बाजूला. इमारतीच्याच पातळीवर, आडव्या दिशेला, जितकं लांब जमेल तितकं, उतारात कापलेल्या छोट्या सपाट पायरीवर. एलटी केबलची लांबी ४०-५० मीटर झाली तरी ड्रॉप तीन-साडेतीन व्होल्टच्या आत राहतो. आणि वाऱ्याची दिशा बघायची. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, पण आग लागायची जास्त भीती उन्हाळ्यात, तेव्हा त्या जागी उन्हाळ्यातला दुपारचा वारा कुठून येतो ते गावातल्या माणसाला विचारायचं. पुस्तकात मिळणार नाही.

इथे आणखी एक स्थानिक गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडच्या डोंगरांवर वाळलेलं गवत पेटतं, बहुतेकदा माणसाच्याच हातून. म्हणजे आग ट्रान्सफॉर्मरकडून बाहेर येईल तशी बाहेरून ट्रान्सफॉर्मरकडेही येईल. कुंपणाच्या आत सगळीकडे खडी, आणि कुंपणाबाहेर काही मीटरचा गवत काढलेला पट्टा, दर वर्षी थंडी संपताना.

आता तेलाचा खड्डा. नियमात सोक पिटची सक्ती २००० लिटरच्या वर तेल असेल तेव्हा येते. आपल्या २०० केव्हीएमध्ये तेल अडीचशे लिटरच्या आसपास, म्हणजे नियमाने खड्डा नको. मी तरी खणेन, कारण उतारावर अडीचशे लिटर तेल किती लांब जातं हे खालच्या झाडांना कळेल. ४० ते ६० मिलिमीटरची खडी भरली तर मोकळी जागा सुमारे ४० टक्के राहते. म्हणजे २५० लिटर मावायला खड्ड्याचं माप ६२५ लिटर, सव्वा मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. एवढ्या खर्चाबद्दल कुठल्याही अकाउंट सेक्शनने भांडू नये. पेटलेलं तेल खडीत उतरलं की हवा मिळत नाही आणि थंड होतं, बऱ्याचदा विझतं. गंमत अशी की हा खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरतो, आणि तेल पाण्यावर तरंगतं! पाण्याने भरलेला सोक पिट म्हणजे तेल पसरवायचं साधन. तेव्हा निचऱ्याची नळी हवी, आणि तिच्यातून पाणी जाईल पण तेल जाणार नाही असा सापळा हवा.

औंधच्या जागेचा सगळ्यात कठीण भाग मात्र अर्थिंगचा आहे. न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ, बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ, हे सगळ्यांना पाठ आहे. पण खाली काय आहे? तीन मीटरचा, ४० मिलिमीटर व्यासाचा पाइप इलेक्ट्रोड घ्या. काळ्या मातीची रेझिस्टिव्हिटी २० ओहम-मीटर धरली तर सूत्राने रोध येतो ६ ओहम. मुरमाड जमिनीत १०० धरली तर ३०. आणि कातळात १००० धरली तर ३००! खाली शेतात जे काम एका पाइपात होतं ते वर डोंगरात पन्नास पाइपांनीही होणार नाही. मीठ-कोळसा टाकून थोडं सुधारतं, पण उन्हाळ्यात खटावच्या कोरड्या हवेत पाणी कोण घालणार? त्यापेक्षा जीआय पट्टी उताराने खाली नेऊन जिथे माती खोल आहे तिथे इलेक्ट्रोड घालायचे, एकमेकांपासून निदान त्यांच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर. आणि रोध मोजायचा तो मे महिन्यात. ऑगस्टमध्ये मोजलेला आकडा कुठलाही कंत्राटदार अभिमानाने दाखवेल. डोंगरावरची लाइन म्हणून लाइटनिंग अरेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगला जितके जवळ तितके चांगले, आणि त्यांचा अर्थ वेगळा.

बसवण्याचं काम सुरू झालं की घाई सुरू होते, कारण उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. या घाईतही काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघाव्यात. ट्रान्सफॉर्मर ट्रकमधून उतरवताना रेडिएटरला दोर लावलेला नाही ना. ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी (हल्ली नारिंगी-हिरवी जेलही येते, तेव्हा डब्यावरचं वाचा). तेलाचा नमुना टाकीच्या तळातून घेतलाय ना, कारण पाणी तळाला असतं, वरचा नमुना नेहमीच पास होतो. मेगरची रीडिंग कागदावर लिहिली, आणि त्या वेळचं तापमानही लिहिलं. चाकांना अडकण लावली. लग क्रिम्पिंग मशीनने दाबले, योग्य मापाच्या डायने, आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. विद्युत निरीक्षकाची परवानगी आल्याशिवाय एचटी चार्ज करायचं नाही. चार्ज केल्यावर निदान एक दिवस भाराविना ठेवून आवाज ऐकायचा. १०० हर्ट्झचा एकसुरी गुणगुण आवाज नेहमीचा, मधेच तडतड आली तर बंद.

आणि महिनाभराने, भर आल्यावर, सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे, अर्थातच सप्लाय बंद करून, दोन्ही बाजू अर्थ करून. ही महिन्यानंतरची तपासणी टेंडरमध्ये लिहिलेली नसते, म्हणून होत नाही. टेंडर लिहिणारे पुढे आपणच असणार आहोत, तेव्हा ती ओळ टाकायची.

थर्मल कॅमेरा कॉलेजात असेल तर हिवाळ्यात सकाळी सहा वाजता होस्टेलच्या एलटी पॅनेलवर एकदा फिरवून बघा, लांबून, दार सुपरवायझरने उघडल्यावर. तेव्हा शंभर खोल्यांतले रॉड एकदम लागलेले असतात, वॉर्डनसरांनी कितीही नोटिसा लावल्या तरी. तीन फेजपैकी एकच जोड बाकी दोघांपेक्षा वीस-तीस अंश गरम दिसला, तर त्याचा फोटो काढून त्याच दिवशी मेंटेनन्सच्या साहेबांकडे द्या. आणि जाताना कुंपणावरचे टॉवेल काढून न्या.